सात वर्षांच्या गॅपनंतर पुन्हा डेंटल कॉलेजच्या दारात

ताई,
माझं बीडीएस सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजातून झालं. २०१५ ला इंटर्नशिप संपली, मग तालुक्याच्या गावी एका क्लिनिकमध्ये अडीच वर्षं काम केलं. लग्न झालं, एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या वर्क व्हिसामागे मिळणाऱ्या व्हिसावर, अमेरिकेत एडिसनला आले, मुलगी झाली. ती आता पाच वर्षांची आहे. गेल्या वर्षी आयएनबीडीई, म्हणजे इथली डेंटिस्टची राष्ट्रीय लेखी परीक्षा, पास झाले आणि कॅपिड या परदेशी डेंटिस्टसाठीच्या पोर्टलवरून डेंटल कॉलेजांना अर्ज भरले. मिडवेस्टमधल्या एका कॉलेजचं बोलावणं आलंय. पाच आठवड्यांनी बेंच टेस्ट, म्हणजे प्लॅस्टिकच्या दातांवर काम करून दाखवायची परीक्षा, आणि मुलाखत. आयुष्यात मी कधी मुलाखत दिलेली नाही. ओळखीच्या एका मुलीने शंभरेक प्रश्नांच्या तयार उत्तरांची पीडीएफ दिली आहे, त्यात गेल्या वर्षी बेंच टेस्टला काय आलं होतं तेही आहे. पाठ करू का? गॅपबद्दल काय सांगू? माझं इंग्रजी ऐकून ते काय म्हणतील? खरं तर माझ्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच. आमच्या क्लिनिकमध्ये यायचे ते ऊसतोडीचे कामगार आणि मिश्री लावणाऱ्या बायका. एकीच्या गालात आतून पांढरा चट्टा होता. तिला बायोप्सीसाठी मिरजेच्या सरकारी दवाखान्यात पाठवलं, पण टोळी पुढे गेली आणि ती गेली की नाही ते मला कळलंच नाही. असल्या गोष्टी अमेरिकेत कोण ऐकणार? सासूबाई म्हणतात, एकदा डॉक्टर झालीस, आता पुन्हा तेच कशाला शिकायचं.
एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या पीडीएफचं बघू. ती काढून टाक. बेंच टेस्टमध्ये काय आलं ते बाहेर सांगणार नाही, असं उमेदवारांकडून बऱ्याच ठिकाणी लिहून घेतात. म्हणजे ती यादी कुणीतरी शब्द मोडून केलेली आहे. ज्या मुलाखतीत तुला प्रामाणिकपणाबद्दल हमखास विचारणार आहेत, तिथे ती खिशात घेऊन जाऊ नकोस. शिवाय ती उत्तरं पाठ करून येणारी तू एकटी नसशील. समोरचे प्राध्यापक वर्षानुवर्षं परदेशी डेंटिस्टच्या मुलाखती घेतात. 'लहानपणापासून लोकांच्या चेहऱ्यावर हसू फुलवायचं माझं स्वप्न होतं' हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकलेलं असतं, की ते सुरू झालं की पेन खाली ठेवतात.

पाठांतराकडे तू का वळलीस ते मला समजतं. आपल्याकडे बीडीएसला मार्कांवर प्रवेश मिळतो, आता नीटवर. तुला डेंटिस्ट का व्हायचंय, असं कुणीच विचारत नाही. त्यामुळे अनोळखी तज्ज्ञासमोर बसून बोलायचा आपला अनुभव एकच, व्हायवाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा. बाहेरगावचे एक्झामिनर, टेबलावर मांडलेली इन्स्ट्रुमेंट्स, मान खाली, 'येस सर', आणि येत नसेल तर लगेच दुसरं काहीतरी फेकायचं. व्हायवात तुला काय येत नाही ते शोधत जातात. इथे तुला ज्ञान आहे हे धरूनच बोलावलेलं असतं. आयएनबीडीई तू पास झालीस, पाचशे प्रश्न, दोन दिवस. सुरुवातीपासून ही परीक्षा फक्त पास-नापास निकालाची आहे, तेव्हा त्यावरून तुझ्यात आणि दुसऱ्या उमेदवारात फरक करता येत नाही. मुलाखतीत त्यांना बघायचं असतं ते वेगळंच. उद्या आपल्या क्लिनिकमध्ये या बाईच्या खुर्चीत पेशंट बसला तर ती त्याच्याशी कशी वागेल, अडली तर विचारेल का, चुकली तर सांगेल का.

म्हणून मी तुला एकच गोष्ट करायला सांगते. तुझ्या पेशंटबद्दल बोल. तू ज्यांना 'असल्या गोष्टी' म्हणतेस, तीच तुझी शिदोरी आहे.

त्या मिश्रीवाल्या बाईकडे परत ये. पत्रात तू तिला दोन-तीन वाक्यांत उरकलंस. एक वही घे आणि तिच्याबद्दल आठवेल ते सगळं मराठीत लिही. इंग्रजीची घाई नको. ती मुळात कशासाठी आली होती, दाढ दुखत होती म्हणून? चट्टा गॉजने पुसून बघितलास तेव्हा निघाला की तसाच राहिला? मिश्री ती नेमकी त्याच जागी धरायची का? दिवसातून किती वेळा, उपाशीपोटी का, आणि सोडायला सांगितल्यावर काय म्हणाली? 'लावली नाही तर पोट साफ होत नाही' असंच म्हणाली असेल, बहुतेकजणी तेच सांगतात. तू तिच्यासमोर 'कॅन्सर' हा शब्द उच्चारलास का टाळलास, आणि का? मिरजेला जायचं म्हणजे एक दिवसाचा खाडा. उचल घेतलेल्या जोडीला खाडा म्हणजे काय, हे तुला ठाऊक होतं का? तिने सांगितलं होतं का, की तूच चिठ्ठी लिहून मोकळी झालीस?

शेवटचा प्रश्न बोचेल. पण मुलाखतीत 'तुम्हाला जमलं नाही असा एखादा प्रसंग सांगा' हा प्रश्न येतोच, आणि तुझं उत्तर इथेच आहे. त्यात मी काय केलं यापेक्षा आज मी काय वेगळं करीन हा भाग जड असतो. आज तू तिच्या गावचा पत्ता आणि घरातल्या कुणाचा तरी फोन नंबर लिहून घेशील. हंगाम संपल्यावर गावाकडच्या कोणत्या सरकारी दवाखान्यात जाता येईल ते तिच्याबरोबर बसून ठरवशील, तिथल्या आशा ताईंच्या हाती देता येईल अशी चिठ्ठी तिच्या संमतीने करून देशील. आणि एक बारकी पण फार महत्त्वाची गोष्ट. चौकशीसाठी मुकादमाला फोन करणं सगळ्यात सोपं होतं, पण तसं केलं असतं तर तिच्या आजाराची बातमी तिच्या रोजीरोटीवर ज्याचा ताबा आहे त्याच्या कानावर गेली असती. पेशंटची गुप्तता म्हणजे काय, हे तुला कायद्याचं नाव घेऊन सांगावं लागणार नाही. या एका उदाहरणात ते आलं.

आणि हे अमेरिकेत कोण ऐकणार म्हणतेस? मिशिगनच्या सफरचंदांच्या बागांत हंगामाला कामगार येतात आणि हंगाम संपला की पुढच्या राज्यात जातात. अशा फिरत्या शेतमजुरांच्या दवाखान्यांसाठी अमेरिकेने १९६२ सालीच कायदा केला. आज बायोप्सी सुचवावी आणि पुढच्या आठवड्यात पेशंट हातचा निघून जावा, हे दुखणं तिथल्या प्राध्यापकांच्याही ओळखीचं आहे. मिश्री-गुटख्याने होणारे बदल त्यांनी बरेचसे पुस्तकात पाहिलेले असतात, तू ते अडीच वर्षं रोज खुर्चीत पाहिलेस. गुटख्याने तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नाही अशी पोरं तुझ्याकडे आली असतील, त्यांच्याबद्दलही लिही. ल्युकोप्लाकिया (तो पांढरा चट्टा), सबम्युकस फायब्रोसिस (ते तोंड न उघडणं) ही नावं मुलाखतीत येऊ देत, पण माणसाच्या मागून.

लिहून झालं की त्यातून दोन मिनिटांत सांगता येईल एवढंच ठेव आणि मग इंग्रजीत बोल. बोल म्हणते, लिही नव्हे. फोनवर रेकॉर्ड कर, ऐक, पुन्हा सांग. दर वेळी शब्द वेगळे आले तरी चालतील, उलट बरंच. असे पाच-सहा पेशंट तयार झाले की बहुतेक प्रश्नांची उत्तरं त्यांतूनच निघतात. टीममध्ये काम केल्याचं विचारलं, रागावलेल्या पेशंटचं विचारलं, वरिष्ठांशी मतभेद झाल्याचं विचारलं, तरी तुला आठवायचंय फक्त कोणता पेशंट.

मुलाखतीचा प्रकार कोणता ते बोलावण्याच्या पत्रात बघ. काही ठिकाणी एक-दोन प्राध्यापक अर्धा तास गप्पा मारल्यासारखं बोलतात. काही ठिकाणी एमएमआय, म्हणजे छोट्या छोट्या अनेक मुलाखती, असते. कॅनडाच्या मॅकमास्टर विद्यापीठातून आलेली ही पद्धत. एकामागून एक खोल्या, दारावर लावलेला प्रसंग वाचायला दोनेक मिनिटं आणि आत बोलायला सहा-आठ मिनिटं, की घंटा. तिथे प्रसंग नैतिक पेचाचे असतात. एखादा येतो आणि म्हणतो, माझे सगळे दात काढून टाका, मला कवळीच हवी, आणि दात तर चांगले आहेत. आपल्याकडचा डेंटिस्ट पटकन 'नाही, तसं करता येणार नाही' म्हणून मोकळा होतो. पेशंटही 'डॉक्टर म्हणतील तसं' म्हणणारा असतो. इकडचं वाचून आलेली उमेदवार उलट्या टोकाला जाते, पेशंटची मर्जी म्हणजे सर्वस्व. दोन्ही उत्तरं घाईची आहेत. पहिलं वाक्य प्रश्नाचं असू दे. का काढायचेत? पैशांची अडचण आहे, भीती आहे, की वर्षानुवर्षं दुखून तो कंटाळलाय? मग पर्याय समजावायचे, विचार करायला वेळ द्यायचा. तरीही त्याचा हट्ट राहिला, तर निर्णय त्याचा हे मान्य, पण अपाय होईल असं काम करायला मी बांधील नाही, हे सभ्यपणे सांगायचं. अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या आचारसंहितेत पाच तत्त्वं आहेत. पेशंटची स्वायत्तता, अपाय न करणं, हित करणं, न्याय आणि सचोटी. ती एकदा नीट वाच. मुलाखतीत त्यांची नावं पोपटासारखी घेऊ नकोस, पण कोणत्या प्रसंगात कोणती दोन एकमेकांना भिडतात ते ओळखायचा सराव कर. घरात बोलून दाखव, नवऱ्याला त्या पेशंटची भूमिका करायला लाव.

गॅपबद्दल. तो लपत नाही, अर्जात तारखा आहेत. त्यामुळे एका वाक्यात, मान वर ठेवून सांग. 'या काळात मी देश बदलला, घर उभं केलं, आणि गेली दोन वर्षं परीक्षेच्या अभ्यासात होते.' मुलीचा उल्लेख करायचा की नाही, हे तू ठरव. लग्न, मुलं असे खासगी प्रश्न विचारायचे टाळतात इथे. आपणहून सांगितलंस तरी चालेल, पण माफी मागितल्याच्या सुरात नको. त्यापेक्षा त्यांच्या मनातली खरी शंका ओळख. सात वर्षांत हाताची सवय गेली का, आणि इथलं दंतवैद्यक तुला जवळून माहीत आहे का? पहिल्याचं उत्तर बेंच टेस्ट देईल. दुसऱ्यासाठी पाच आठवड्यांतही काही करता येतं. जवळच्या एखाद्या डेंटिस्टला भेट आणि आठवड्यातून एक-दोन दिवस नुसतं बघायला बसू द्या म्हण. वर्क परमिट नसेल तर पेशंटला हात लावायचा नाही, पगार घ्यायचा नाही. शॅडोइंग म्हणजे बघणं, एवढंच. धर्मादाय दवाखान्यात स्वयंसेवक म्हणून नावं नोंदवून घेतात, तिथे दुभाषी म्हणून उभी राहिलीस तरी शिकायला मिळतं. एडिसनमध्ये मराठी, हिंदी, गुजराती बोलणारे आजी-आजोबा काय थोडे आहेत! फेब्रुवारीत 'गिव्ह किड्स अ स्माइल' हा मुलांच्या मोफत तपासणीचा उपक्रम देशभर असतो, पुढच्या वेळी तोही लक्षात ठेव. बघताना बारकावे टिपून ठेव. संमतीपत्र कसं समजावतात, उपचाराचे पर्याय खर्चासकट पेशंटसमोर कसे मांडतात, दोन पेशंटच्या मधे खुर्ची कशी पुसतात.

इंग्रजीची चिंता तू नको तिथे करते आहेस. अमेरिकन उच्चार काढायचा प्रयत्न अजिबात नको, तो दुसऱ्या मिनिटाला सुटतो आणि मग बोलणंच अडखळतं. आपली खरी अडचण वेगाची आहे. घाबरलो की आपण भरधाव सुटतो आणि वाक्याचा शेवट गिळतो. सावकाश बोल, वाक्य पूर्ण कर, प्रश्न समजला नाही तर 'पुन्हा सांगाल का' असं विचार. त्याने मार्क जात नाहीत.

आता बेंच टेस्ट, कारण माझ्या मते तुझा खरा वेळ तिथे जायला हवा. मुलाखत सुंदर झाली आणि हात कच्चा निघाला तर काही उपयोग नाही. सगळ्यात आधी दातांचे नंबर. आपण एफडीआय या दोन आकड्यांच्या पद्धतीत वाढलो, तुझ्यासाठी खालची डावी पहिली दाढ म्हणजे ३६. इथे तीच १९ आहे. इथल्या युनिव्हर्सल पद्धतीत वरच्या उजव्या अक्कलदाढेपासून १ सुरू होतो, वरची रांग १६ ला संपते, मग खालच्या डाव्या अक्कलदाढेला १७ आणि तसंच उजवीकडे ३२ पर्यंत. वरचे पुढचे दोन दात ८ आणि ९. कागदावर १९ लिहिलेलं असेल आणि ताणाखाली तू मनात एफडीआयत भाषांतर करत बसलीस, तर वेळ तरी जाईल नाहीतर भलताच दात कापला जाईल, आणि भलत्या दातावरची प्रेपरेशन, म्हणजे दात कापून दिलेला आकार, कितीही सुबक असली तरी तिला शून्य. आजपासून मुलीचे दात घासतानासुद्धा नंबर इथल्या पद्धतीने म्हण. दुधाच्या दातांना इथे ए ते टी अक्षरं आहेत, तीही पाठ होतील. पाठांतराची हौस इथे भागव.

दुसरं, हँडपीस, म्हणजे दात कापायचं ड्रिल. तुझा हात एअरोटरवर, म्हणजे हवेवर चालणाऱ्या हँडपीसवर, बसलेला आहे. जोर दिला की तो मंदावतो, आणि त्या मंदावण्यावरून आपण दाब ओळखतो. इथे पुष्कळ कॉलेजांत इलेक्ट्रिक हँडपीस असतो. तो वजनाला जड, आणि जोर दिला तरी थांबत नाही, कापत जातो. सवय नसेल तर क्लास टू, म्हणजे दोन दाढांच्या मधल्या बाजूची कॅव्हिटी, करताना क्षणात शेजारच्या दाताला ओरखडा, आणि परीक्षक भिंग लावून पहिल्यांदा शेजारचा दातच बघतात. त्या कॅव्हिटीच्या कडेच्या खोबणीला, प्रॉक्झिमल बॉक्सला, शेजारच्या दातापासून अर्ध्या मिलिमीटरची फट पुरते. तिथे एनॅमलचं पातळ कवच शेवटपर्यंत ठेव आणि मग हॅचेट या धारदार हत्याराने हाताने तोड. क्राउनसाठी, म्हणजे कॅपसाठी, दात कापताना आपल्या मुली ऑक्लुझल रिडक्शन, म्हणजे चावायच्या बाजूची कापणी, कमी ठेवतात आणि टेपर, म्हणजे बाजूंचा उतार, जास्त देतात. दात वाचवायची सवय म्हणून पहिलं, वरून मार्जिन, म्हणजे कापलेल्या भागाची कड, दिसावी म्हणून दुसरं. डेप्थ ग्रूव्ह, म्हणजे खोली दाखवणाऱ्या खाचा, करून मोजत जा, कापण्याआधी पुट्टी इंडेक्स, म्हणजे मूळ दाताचा साचा, काढून ठेव, आणि वेळ लावून कर. रबर डॅमही, म्हणजे दात वेगळा ठेवणारा रबरी पडदा, घड्याळ लावून बसव, कारण आपल्याकडच्या घाईच्या क्लिनिकमध्ये तो बहुतेकांच्या हातून सुटलेला असतो. टायपोडॉंट, म्हणजे सरावाचा नकली जबडा, जुना मिळतो, पण दात त्याच कंपनीचे घे जे त्या कॉलेजात वापरतात. प्रत्येक कंपनीच्या प्लॅस्टिकचा कठीणपणा वेगळा आहे.

सासूबाईंचा प्रश्न हसण्यावारी नेऊ नकोस, मुलाखतीतही तोच येणार आहे. तुम्ही डेंटिस्ट आहातच, मग पुन्हा दोन-तीन वर्षं कशाला? सासूबाईंना सांगायचं ते सरळ आहे. आपली डिग्री खरी आहे, पण इथे लायसन्ससाठी बहुतेक राज्यांना मान्यताप्राप्त कॉलेजची डीडीएस किंवा डीएमडी लागते. दोन्ही एकच, नावं वेगळी. मुलाखतीत मात्र नुसतं 'लायसन्ससाठी' म्हणालीस तर ते अर्धंच उत्तर झालं. तुला नेमकं काय शिकायचंय ते सांग. डिजिटल स्कॅनवर क्राउन करायला, की मघाच्या त्या बाईसारख्या पेशंटचा पाठपुरावा ज्यात सुटत नाही अशी व्यवस्था आतून बघायला? खरं असेल तेच. मग त्या कॉलेजात ते कुठे आहे, हे त्यांच्या क्लिनिकची माहिती वाचून ठेव.

पैशांबद्दल तू काहीच लिहिलं नाहीस, म्हणून मी विचारते. खासगी कॉलेजात फी आणि राहणं धरून आकडा दोन लाख डॉलरच्या पुढे सहज जातो. एच-४ वर सरकारी विद्यार्थी कर्ज मिळत नाही, बँका सहसा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीनदार मागतात. जामीन कोण राहणार हे आत्ताच, मुलाखतीच्या आधी, घरात बसून बोला. एच-४ वर पूर्णवेळ शिकता येतं, पण नवऱ्याच्या नोकरीला काही झालं तर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जायची तयारी कशी करायची, हे कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला निवड झाल्याबरोबर विचार.

मुलाखतीच्या शेवटी 'तुम्हाला काही विचारायचंय का' असं म्हणतील. 'नाही, थँक यू' म्हणू नकोस. परदेशी डेंटिस्टची बॅच नेहमीच्या विद्यार्थ्यांबरोबर क्लिनिक करते की वेगळी, पेशंट कसे वाटून मिळतात, बाहेरच्या सामुदायिक दवाखान्यांत किती आठवडे पाठवतात, यातलं तुला खरंच जाणून घ्यायचंय ते विचार. तुलाही त्यांची निवड करायची आहे.

आणि हे वाचून झालं की आजच कॉलेजला मेल टाक. हँडपीस इलेक्ट्रिक आहे की हवेवरचा, टायपोडॉंट कोणत्या कंपनीचा, बर (ड्रिलची टोकं) त्यांचे की आपले आणायचे, लूप्स (डोळ्यांवरची भिंगं) वापरू देतात का. हे विचारायला सहसा मनाई नसते. उत्तर आलं की त्याप्रमाणे सामान मागव आणि सराव सुरू कर.